अभयदानानंतरची आठ-दहा वर्षे

पर्युषण पर्व जवळ आले की अनेक कुटुंबांत जीवदयेसाठी काही रक्कम बाजूला काढली जाते. तीतून खाटकाच्या दारचा बकरा सोडविला जातो, पांजरपोळास चारा पाठविला जातो. ही करुणेची नजर कधी प्राणिबाजारातील सशाकडेही वळते. तारेच्या जाळीवर दाटीवाटीने बसलेले ते मुके जीव पाहून मुलांचा पाय निघत नाही, वडिलांचा हात खिशात जातो आणि ससा घरी येतो. हेतू निर्मळच असतो. परंतु ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पेढी चालत आली, त्यांना पुढचा हिशोब समजावून सांगण्याची गरज नसावी. माल उचलला गेला की दुकानदार नवा मागवितो. सोडविलेल्या सशाची जागा दुसरा ससा घेतो, आणि सोडविण्यासाठी मोजलेले पैसे त्या दुसऱ्याच्या पैदाशीचे भांडवल होतात.

आश्रयाची खरी गरज असते ती ज्याला आता कोणी विकत घेणार नाही अशा सशाला. तो बहुधा मोठा असतो. बाजारात तळहातावर मावणारे पिल्लू म्हणून घेतलेला ससा सहा-आठ महिन्यांत चार-पाच किलोंचा होतो, आणि मग तो कोणाला तरी देऊन टाकण्याची घाई सुरू होते. पांढऱ्याशुभ्र अंगाचा, लाल डोळ्यांचा ‘न्यूझीलंड व्हाइट’ हा यातला नेहमीचा. नाव न्यूझीलंडचे असले तरी ही जात अमेरिकेत घडविली गेली, तीही मांस आणि कातडीसाठी. आपल्या देशातील ससेपालन केंद्रांतही ती आहे. प्रयोगशाळांनी हीच जात उचलली. सौंदर्यप्रसाधनांचे थेंब सशाच्या डोळ्यांत टाकून दाह मोजण्याची ‘ड्रेझ चाचणी’ १९४४ पासून रूढ झाली. भारताने प्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास २०१४ मध्ये बंदी घातली. औषधांच्या कामी मात्र ससे आजही वापरले जातात. ‘फ्लेमिश जायंट’सारख्या जाती याहून थोर, सहा-सात किलो आणि त्याहूनही अधिक वजनाच्या.

अशा सशाला पिंजऱ्यात न ठेवता कुत्र्या-मांजराप्रमाणे घरात मोकळे वागविता येते, हा विचार अमेरिकेत मॅरिनेल हॅरिमन यांच्या १९८५ च्या पुस्तकाने लोकांपुढे ठेवला. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात ‘हाउस रॅबिट सोसायटी’ स्थापन झाली. ईस्टरच्या सणाला भेट म्हणून घेतलेले आणि नंतर नकोसे झालेले ससे हा तिकडचा जुना प्रश्न. आपल्याकडे ईस्टरऐवजी मुलांचा वाढदिवस असतो, एवढाच फरक.

ससा जड वाटू लागला की काही जण त्याला टेकडीवर किंवा रानात ‘मुक्त’ करतात. हे अभयदान नव्हे. पाळीव ससा युरोपातील बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज आहे. आपल्या रानातला ससा वेगळ्या कुळाचा, मातकट रंगाचा आणि उघड्यावर वाढणारा. तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो व त्याला घरी पाळताही येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेला पांढरा ससा रानात सोडला तर त्याला ना बीळ सापडते, ना लपता येते. कुत्रे, मुंगूस किंवा घार यांच्यापैकी कोणाला तरी तो लवकरच सापडतो.

आश्रय द्यायचा ठरविल्यावर पहिला पेच उभा राहतो तो शस्त्रक्रियेचा. निर्बीजीकरण म्हणजे जिवाला पीडा, असे मानून बरीच अहिंसाप्रेमी घरे तेथे अडखळतात. हा संकोच समजण्याजोगा आहे, पण तो वस्तुस्थितीपुढे टिकत नाही. सशाची मादी सुमारे ३१ दिवसांत विते. मोठ्या जातीत एका वेळी आठ-दहा पिल्ले सहज होतात आणि व्यायल्याच्या दिवशीच ती पुन्हा गाभण राहू शकते. ही पिल्ले शेवटी त्याच बाजारात किंवा त्याच टेकडीवर जाणार. शिवाय शस्त्रक्रिया न झालेल्या माद्यांत वय वाढेल तसे गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण फार आढळते. शस्त्रक्रिया झालेला ससा शांत होतो, ठरलेल्या जागी मलमूत्र करावयास लवकर शिकतो आणि जोडीदाराबरोबर निर्धास्त राहतो. जोडीदार हवाच, ससा हा एकटा रमणारा प्राणी नव्हे.

आहाराच्या बाबतीत मात्र जैन स्वयंपाकघर सशाला आयतेच मानवते. कांदा, लसूण सशाला घातक, बटाटा अयोग्य. चित्रांतून ज्याची सांगड सशाशी कायमची घातली गेली ते गाजरही गोड असल्याने त्याला जेमतेमच द्यावे, आणि मुळीच न दिले तरी काही बिघडत नाही. कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरातील ससा गाजरावाचून उत्तम राहतो. त्याचे मुख्य अन्न म्हणजे सुके गवत. आहाराचा सुमारे ८० टक्के भाग तेच असावे. सशाचे दात आयुष्यभर वाढत असतात आणि गवत चावूनच ते झिजतात. सोबत हरळी, कोथिंबीर, पुदिना यांची जुडी. (लसूणघासाच्या नावाने कोणी दचकू नये, तिचा लसणाशी संबंध नाही, पण तीत कॅल्शियम फार असल्याने ती प्रौढ सशाला रोज घालू नये.) पोळीचा तुकडा, भात, बिस्कीट हे लाड त्याच्या आतड्यांना सोसत नाहीत. एक नियम मात्र त्याला लावता येणार नाही, तो रात्रिभोजनत्यागाचा. संध्याकाळ आणि पहाट या त्याच्या खऱ्या वेळा. रात्रभर गवत समोर हवे. पहाटे तो स्वतःच्या मऊ लेंड्या खाताना दिसला तर किळस मानू नये. पहिल्या खेपेस न पचलेले सत्त्व तो असे परत मिळवितो.

त्याला उचलून घेण्याचा मोह आवरावा. ससा हे भक्ष्य म्हणून घडलेले जनावर. जमिनीवरून उचलले जाणे म्हणजे त्याच्या लेखी मरण. पाच किलोंचा ससा धडपडत मागचे पाय झाडतो तेव्हा त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. मुलांनी जमिनीवर बसावे, त्याला जवळ येऊ द्यावे. संगमरवरी किंवा गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतात, तारेच्या जाळीवर टाचांना जखमा होतात, आणि जितके वजन जास्त तितकी जखम खोल. जुन्या सतरंज्या अंथरल्या की काम भागते. विजेच्या वायरी त्याच्या दातांपासून झाकून ठेवाव्यात.

उन्हाळा हा महाराष्ट्रातला खरा शत्रू. सशाला घाम येत नाही, उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. पारा ३० च्या पुढे गेला की त्याला त्रास सुरू होतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मे कसे जातात ते सांगावयास नको. बंद गॅलरी किंवा पत्र्याखालची गच्ची ही त्याची जागा नव्हे. घरातली सर्वांत थंड खोली त्याची.

ससा आजार लपवितो. दहा-बारा तास त्याने काही खाल्ले नाही, लेंड्या पडल्या नाहीत, तर ‘उद्या पाहू’ म्हणणे जिवावर बेतते. सशांवर उपचार करण्याचा अनुभव असलेला पशुवैद्य आधीच शोधून ठेवावा. अ‍ॅमॉक्सिसिलिनसारखी माणसाला नित्य दिली जाणारी औषधे तोंडावाटे दिल्यास सशाचा जीव घेऊ शकतात, म्हणून घरच्या कपाटातील गोळी कधीही देऊ नये.

हे सारे आठ-दहा वर्षे चालावयाचे असते. फार मोठ्या जातींचे आयुष्य काहीसे कमी असते. एवढ्या काळात मुलगा शिक्षणासाठी बाहेरगावी जातो, सून घरात येते, दुकानाची जागा बदलते. आणि सम्मेदशिखरजीच्या यात्रेला सारे घर आठ-पंधरा दिवस निघते तेव्हा रोज दोन वेळा येऊन गवत-पाणी पाहणारा, लेंड्या मोजणारा माणूस कोण, हे ससा आणण्यापूर्वीच ठरलेले असावे.