आज्ञा आणि पहिले पाऊल

आज आषाढी एकादशी. त्र्यंबकेश्वराहून निघालेली श्रीनिवृत्तिनाथांची पालखी आपल्या नगर जिल्ह्यातून पुढे पंढरीस पोहोचली आहे. वारकऱ्याला वाट ठाऊक असते, मुक्काम ठरलेले असतात. परंतु जेथे वाट आणि मुक्काम दोन्ही अज्ञात, तेथे केवळ आज्ञेवरून निघावे काय? हा प्रश्न ख्रिस्ती बांधवांच्या बायबलात अगदी आरंभीच येतो.

अब्राहाम पंचाहत्तर वर्षांचा असताना त्याला देश, गोत आणि पित्याचे घर सोडण्याची आज्ञा झाली. कोठे जावयाचे, हे सांगितले नव्हते. पुढे दाखविले जाईल, एवढेच आश्वासन होते. तो निघाला. त्याचा भरवसा वाटेवर नव्हता, बोलावणाऱ्यावर होता. व्यवहारात आधी वाट दिसते आणि मग पाऊल पडते. श्रद्धेच्या प्रांतात हा क्रम उलटा असतो.

हे आपणांस परके वाटू नये. प्रवरातीरी नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, गुरु निवृत्तिनाथांच्या आज्ञेने ज्ञानदेवांनी गीतार्थ मराठीत सांगितला. ज्या घराला समाजाने वाळीत टाकले होते, त्या घरच्या पंधरा वर्षांच्या मुलाने हे धाडस केले ते गुरुवचनाच्या बळावर.

याच जिल्ह्यात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीही अशीच वाट धरली. १८९५ साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि आप्तस्वकीय दुरावले. पुढे नगर व राहुरी ही त्यांची कर्मभूमी झाली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. १९१७ साली मिशनचा आश्रयही सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यांचा निर्णय आपणांस पटो वा न पटो, आज्ञा मानून त्यांनी जे सोडले ते लहान नव्हते.

परंतु या श्रद्धेचे मोल एकट्या टिळकांनी दिले नाही. अब्राहामाबरोबर निघताना साराला काय वाटले, हे ग्रंथ सांगत नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी मात्र ते ‘स्मृतिचित्रां’त सांगून ठेवले आहे. पतीच्या धर्मांतरानंतर सुमारे पाच वर्षे त्यांनी विरह आणि अवहेलना सोसली. पुढे त्या पतीकडे आल्या, तरी आपले सोवळे त्यांनी लगेच टाकले नाही. जातिभेद माणसाने निर्मिला आहे, हे स्वतःच्या मनाला पटले तेव्हाच त्यांनी तो टाकला, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. पतीने बोलाविले म्हणून नव्हे, तर अंतःकरणाने कौल दिला म्हणून त्यांचे पाऊल पडले. आमच्या मते तेही आज्ञापालनच होय, आणि कदाचित अधिक कठीण.

खऱ्या आज्ञेची ओळख यात आहे. ईश्वराची आज्ञा, ज्याला ती होते, त्यालाच प्रथम काही सोडावयास लावते. आपण काहीच न सोडता दुसऱ्याने सोडावे म्हणून जी आज्ञा देवाच्या नावे दिली जाते, ती पारखून घ्यावी. घरोघरी वडीलधारी मंडळी सुनामुलांना आज्ञा करीत असतात. आजच्या पुण्यदिनी, विठ्ठलापुढे हात जोडताना, त्यांनी आधी स्वतःस विचारावे: या आज्ञेसाठी मी काय सोडले?