उघडा शाफ्ट आणि घरची दुरुस्ती

बैलाची निगा कशी राखावी हे शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नसे. नाल ठोकण्यापासून सुजलेल्या खांद्यास शेक देण्यापर्यंतचे ज्ञान घरातल्या घरात बापाकडून मुलाकडे येत असे. बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला. परंतु त्याच्या निगेची तशी परंपरा मात्र अद्याप आमच्यात पुरती रुजलेली नाही. परिणामी क्षुल्लक कामासाठी तालुक्याच्या गावी धाव घ्यावयाची, नाहीतर हाती लागेल त्या हातोडीने ठोकाठोक करावयाची, अशी आपली रीत पडून गेली आहे. या दोहोंमधला मार्ग कोणता, हे ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टच्या निमित्ताने वाचकांपुढे मांडण्याचा आमचा विचार आहे.

मोटारीच्या इंजिनाची शक्ती चाकांकडे नेणारा जो शाफ्ट असतो, त्याचाच हा भाऊबंद. ट्रॅक्टरच्या मागे निघालेल्या दातेरी दांड्यापासून रोटाव्हेटर किंवा मळणी यंत्राकडे तो शक्ती नेतो. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९१८ साली अशी सोय असलेला ट्रॅक्टर अमेरिकेत बाजारात आणला आणि पुढे ती सर्वत्र रूढ झाली. फरक एवढाच की, मोटारीचा शाफ्ट गाडीच्या पोटाखाली दडलेला असतो, आणि हा मात्र माणसाच्या मांडीच्या उंचीवर, हाताच्या अंतरावर फिरत असतो.

या शाफ्टचा दुबळा भाग म्हणजे त्याच्या दोन्ही टोकांचे क्रॉस. ग्रीस वेळेवर न मिळाल्यास वाटीतील बारीक सुया कोरड्या पडतात, वाटीच्या कडेने तांबूस भुकटी बाहेर येऊ लागते, खडखड वाढते, आणि अखेर ऐन वापशात क्रॉस तुटतो. त्या आठवड्यात मिस्त्रीकडे रांग लागलेली असते. पेर चार दिवस लांबली तर तिचे नुकसान क्रॉसच्या किमतीच्या कितीतरी पट होते. म्हणून हे काम घरी करता आले पाहिजे, आणि ते करता येण्याजोगे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करावे आणि किल्ली काढून आपल्या खिशात ठेवावी. दुसऱ्याच्या भरवशावर किल्ली जागी ठेवू नये. नंतर टोकाची कळ दाबून शाफ्ट सोडवावा. एकात एक सरकणाऱ्या त्याच्या दोन नळ्या अलग करण्यापूर्वी दोहोंवर मिळून एक खूण अवश्य करावी. तिरक्या जोडातून जाणारी गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमीअधिक होते. मधल्या दांड्याच्या दोन्ही टोकांचे योक एकाच रेषेत असले, तर एका जोडाचा दोष दुसरा जोड भरून काढतो. खूण चुकून नळ्या वाकड्या बसल्या, तर नवा क्रॉसही थरथरत राहतो आणि लवकर जातो.

पुढे चारही सर्क्लिप काढाव्यात. व्हाइसमध्ये एका बाजूस वाटीहून लहान सॉकेट व दुसऱ्या बाजूस वाटी आत मावेल असे मोठे सॉकेट धरून आवळत गेल्यास वाटी सावकाश बाहेर येते. योकच्या कानावर घण घालू नये. कान वाकला की नवी वाटी सरळ बसत नाही. नवा क्रॉस जुन्याच्या मापाशी ताडूनच घ्यावा. बसविताना एखादी सुई आडवी पडली, तर वाटी पुरती आत जात नाही व सर्क्लिप खाचेत बसत नाही. अशा वेळी जोर न करता वाटी काढून पाहावे. ग्रीसचे निपल गन पोहोचेल अशा बाजूस ठेवावे. शेवटी जोड हाताने दोन्ही दिशांस मोकळा फिरावा, पण खिळखिळा लागू नये.

घरी काय करू नये, तेही सांगणे अवश्य आहे. वाकलेली नळी तापवून ठोकून सरळ करू नये, तडकलेल्या योकला वेल्डिंग मारू नये. आणि जेथे यंत्र अडकताच आपण तुटून गिअरबॉक्स वाचविणारा बोल्ट दिलेला असतो, तेथे 'हा सारखा तुटतो' म्हणून अधिक कणखर बोल्ट घालू नये. तुटणे हेच त्या बोल्टचे काम होय.

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे वळतो. या शाफ्टवर प्लॅस्टिकचे आच्छादन असते. शाफ्ट आत फिरतो आणि साखळीने बांधलेले आच्छादन स्थिर राहते. पहिल्याच दुरुस्तीच्या वेळी ते काढले जाते, गोठ्याच्या कोपऱ्यात पडते, आणि पुन्हा कधीच चढत नाही. 'ग्रीस मारताना आड येते', 'त्याविना काही अडत नाही', ही त्याची नेहमीची कारणे.

अडत नाही हे खरे. पण हिशेब करून पाहावा. हा शाफ्ट सामान्यतः मिनिटास ५४० फेरे घेतो, म्हणजे एका सेकंदास ९. त्याचा घेर वीतभर धरला, तर सेकंदात सुमारे २ मीटर वस्त्र त्यावर गुंडाळले जाते. धोतराचा सोगा, पदर, उपरणे, पावसाळी कोटाची दोरी, काहीही त्यास पुरते. हाक मारेपर्यंत, ट्रॅक्टरवरील माणसाने मागे वळून पाहीपर्यंत, सर्व आटोपलेले असते. मळणीच्या वेळी या शाफ्टशेजारी पेंढ्या देणाऱ्या बहुधा मजुरीने आलेल्या स्त्रिया असतात. यंत्र त्यांचे नसते, आच्छादन काढण्यास त्यांना कोणी विचारलेले नसते. हात मात्र त्यांचा जातो.

मळणी यंत्रांवरील अशाच अपघातांमुळे १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा झाला. परंतु कायदा खळ्यावर येऊन उभा राहत नाही. तेथे आपणच उभे असतो.

म्हणून आमच्या सूचना तीन आहेत. पहिली, ज्या दुरुस्तीनंतर आच्छादन परत चढले नाही, ती दुरुस्ती पुरी झाली असे समजू नये. इंजिन बंद असता आच्छादन हाताने धरून आतला शाफ्ट फिरवून पाहावा. तो मोकळा फिरला व साखळी जागी असली म्हणजे काम झाले. फुटलेले आच्छादन क्रॉसबरोबरच नवे आणावे. दुसरी, गावोगावच्या सोसायट्यांनी एक व्हाइस, सॉकेटचा संच, ग्रीस गन आणि नेहमी लागणाऱ्या मापांचे चारदोन क्रॉस हंगामापूर्वी आणून ठेवावेत. एकट्यास जड वाटणारा हा खर्च दहाजणांत जाणवणारही नाही. तिसरी, भाड्याने यंत्र बोलावणाऱ्या शेतकऱ्याने दर ठरविण्यापूर्वी शाफ्ट पाहावा, आणि तो उघडा असेल तर यंत्र बांधावरूनच परत पाठवावे. पाचदहा शेतकऱ्यांनी असे केले, तर पुढल्या हंगामात यंत्रवाले न सांगता आच्छादन चढवून येतील. कारण रिकाम्या हाताने परतलेला ट्रॅक्टर कोणत्याही उपदेशापेक्षा लवकर शिकवितो.

यंत्र आपले म्हणवावयाचे असेल, तर त्याची दुरुस्ती आपल्या हाती आली पाहिजे. परंतु दुरुस्तीबरोबर त्याची जबाबदारीही आलीच. आपल्या खळ्यावर कामास आलेला माणूस दोन्ही हातांनिशी घरी परत जाणे, ही त्या जबाबदारीची पहिली बाब होय, असे आम्हांस वाटते.