शून्य ते दहा, आई!

आईला "दमलीस का?" असं विचारून काहीही कळत नाही. ६६ वर्षांच्या आयुष्यात तिचं एकच उत्तर आहे, "छे, कुठे!" गणपतीत वीस माणसांचा स्वयंपाक उरकून ओट्याला टेकलेली असतानाही हेच.

मागच्या महिन्यात बिल्डिंगची लिफ्ट बंद होती. दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून थांबलेली आई दिसली. मला बघून म्हणाली, "पिशवी जड आहे गं." पिशवीत कोथिंबीर होती.

मग डॉक्टरांना विचारून तिला जिमला नेलं. पंजाबी ड्रेस आणि नवे कोरे स्पोर्ट्स शूज, सॉलिड दिसत होती! तिथल्या ट्रेनरने "आंटी, आरामात" म्हणत अर्ध्या किलोची गुलाबी डंबेल्स हातात दिली. ती वरखाली करता करता आईने त्याच्या लग्नाचं कुठवर आलंय ते काढून घेतलं. आता इतक्या आरामात स्नायूंना काय पत्ता लागणार? १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आजी-आजोबांकडून आठ आठवडे चांगला जड व्यायाम करून घेतला होता. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली!

पण जड म्हणजे किती? पल्स बघावी, तर आईला बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू आहे, त्याने ठोके दबलेलेच राहतात. मग गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाची आयडिया: करणाऱ्यालाच आकडा विचारायचा. शून्य म्हणजे निवांत बसणं, दहा म्हणजे आता एकदाही जमणार नाही. ज्येष्ठांसाठी पाच-सहा म्हणजे मध्यम, सात-आठ म्हणजे जोरदार.

छातीशी वजन धरून खुर्चीतून उठाबशा सुरू झाल्या. "आई, किती?"

"तीन."

तीन? वेग निम्म्यावर आलेला, ओठ घट्ट, श्वास रोखलेला. (बीपीवाल्यांनी हे अजिबात करायचं नाही. उठताना श्वास सोडायचा.) मी प्रश्न बदलला. "अजून किती वेळा उठशील?"

तिने प्रामाणिकपणे विचार केला. "दोनदा. तिसऱ्यांदा नाही जमायचं."

म्हणजे तीन कुठले, आठ!

तेव्हापासून मी हाच प्रश्न विचारते. परवा रात्री जेवणं झाल्यावर आई सिंकपाशी उभी होती. सवयीने विचारलं, "दमलीस?"

"नऊ," आई म्हणाली. "भांडी तू घास."