हेड गेलंय, इंजिन नाही

ऑक्टोबर छाटणीनंतर फुटवे निघालेत, वरून पाऊस, आणि डावणीची फवारणी करायच्या दिवशीच ब्लोअरचा ट्रॅक्टर गरम होऊन बंद. निफाड-दिंडोरीकडे हे दर साली कुणाच्या ना कुणाच्या नशिबी येतं. दोन वर्षांपूर्वी माझ्या आलं. गॅरेजवाल्याने हेड खोललंसुद्धा नाही, म्हणाला, "काका, पूर्ण इंजिनच टाका, एक तयार आहे." बाग डोळ्यासमोर होती, हो म्हणून बसलो. माझं इंजिन त्याने ठेवून घेतलं. पुढे कळलं, तेच इंजिन नुसतं हेड बदलून दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या ट्रॅक्टरला बसलं!

त्याला काय बोलू? देठ परीक्षणाचा रिपोर्ट आल्याशिवाय आपण बागेला पोटॅश देत नाही, आणि इंजिनाचा निकाल मात्र उभ्या उभ्या ऐकून घेतो.

आता मी आधी तपासायला लावतो. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून चालू करा. सारखे बुडबुडे येत असतील तर पॅकिंग किंवा हेडवर संशय घ्या. ऑइल दुधाळ झालं असेल तर पाणी उतरलंय, पण ते लायनरच्या खालच्या रबर रिंगातूनही उतरतं, म्हणून लगेच हेडवर खापर नको. आणि अशा ऑइलवर "एवढी फवारणी उरकून घेऊ" म्हणून ट्रॅक्टर चालवला तर बुश आणि क्रँक जातात, मग हेडवर भागत नाही. ब्रीदरमधून जोरात धूर, ऑइल प्रेशर कमी, खालून ठोका, हे असेल तर काम खालचं आहे. तेव्हा नवं हेड टाकणं म्हणजे पैसे वाया. तरीही ब्लॉक फुटलेला नसेल, तर आपल्याच ब्लॉकमध्ये लायनर-पिस्टन भरून, क्रँक मापून काम होतं का ते आधी विचारा. कुणाचं काढलेलं इंजिन आत कसं आहे, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

कागदाचंही बघा. आरसीवरचा इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. हेड बदललं तर तो तोच राहतो. इंजिन बदललं की आरटीओत नोंद आली, विम्याला कळवणं आलं.

काही जण म्हणतात, हेड टाकलं तरी महिन्यात परत गेलं. जाणारच की! हेडची प्रेशर टेस्ट नाही, ब्लॉकच्या तोंडावर पट्टी धरून बघितलं नाही, लायनरची कड ब्लॉकच्या किती वर येते ते मापलं नाही, बोल्ट टॉर्क रेंचऐवजी अंदाजाने आवळले. आणि मूळ दुखणं तसंच. रेडिएटरच्या जाळीत गंधकाची भुकटी न् पाल्याचा थर, आत कूलंटऐवजी बोअरचं खारं पाणी. त्या क्षारांचा थर आतून बसतो. या अवस्थेत नवं कोरं इंजिन टाकलं तरी तेही तापणारच.

माझी जाळी आता दर फवारणीनंतर मागच्या बाजूने धुतो, कमी प्रेशरने, नाहीतर पत्रे वाकतात. पाणी आरओचं, कूलंट कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात. यंदाच्या छाटणीआधी थर्मोस्टॅट आणि फॅनबेल्टही बघून घेतला.