वावर विकून कॉलेजची जागा घेऊ नका



बारावीचा निकाल लागला की 'पोराला कॉम्प्युटरला घालू' म्हणून सावकाराची पायरी चढणारी घरे आम्ही गावोगाव पाहतो. लेकरू शेतीच्या तोट्यातून सुटावे ही तळमळ खरी. पण घाई नडते.

कॉम्प्युटर की आयटी हा वाद सोडा. पहिल्या वर्षाचा अभ्यास जवळजवळ सारखाच असतो. सीईटी देऊन सरकारी प्रवेशफेरीतून जागा मिळवा. तिथे ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास व इतर मागास घरांतल्या मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्याला ही माफी नाही. दहावीनंतर तंत्रनिकेतनाची ३ वर्षांची पदविका घेऊन थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येते.

मुरमाड रानात आपण भारी जमिनीचे बियाणे टाकत नाही. लेकराला गणिताची गोडी आहे का, ते आधी पाहा. जाहिरातीवर जाऊ नका. त्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या पोरांना गाठा, कितींना काम मिळाले, पगार किती, ते विचारा. कापूस विकताना आपण काटा तपासतो. इथे तर लेकराची चार वर्षे तोलायची आहेत.