स्कूटर कोणाच्या नावावर?

वडील जाऊन सात वर्षं झाली. त्यांची चेतक तेव्हापासून सोलापूरच्या आमच्या घराच्या बोळात धूळ खात होती. मला कुंभारीला विडी कामगार बायकांच्या वसाहतीत जावं लागतं, म्हणून यंदा ती सुरू करायचं ठरवलं. मेकॅनिक म्हणाला, "ताई, भावाला पाठवा."

पाठवलं नाही. स्टुलावर बसून विचारत राहिले. टाकीत गंज, जुन्या पेट्रोलच्या चिकट्यानं कार्बोरेटरचं जेट बुजलेलं, प्लगवर काजळी. या टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. लिटरला साधारण २० मिली ऑइल. विसरलं तर पिस्टन जाम. एवढंच तर ज्ञान! आई वीस वर्षं मागे बसून फिरली, तिला प्लग कुठे असतो हे कुणी दाखवलं नाही. तिनंही विचारलं नाही म्हणा.

चौथ्या दिवशी धूर सोडत गाडी सुरू झाली. पण आरसी बुक वडिलांच्याच नावावर. मालक वारल्यावर ३ महिन्यांत नावबदलाचा अर्ज करायचा असतो. शिवाय १५ वर्षांची नोंदणीही संपलेली. एजंटानं न विचारताच भावाचं नाव लिहिलं. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं वडिलांच्या मिळकतीत बायको, मुलगी, मुलगा यांचा वाटा सारखा. शिबिरांत आपण घर-जमिनीबद्दल बोलतो. बोळातल्या स्कूटरकडे बघतच नाही.

तो फॉर्म फाडला. भावानं कुरकुरत संमती लिहून दिली. नव्या फॉर्मवर आईचं नाव घातलं. सही करता करता तिनं विचारलं, "पण किक मारायची कशी गं?"