काटकसर कोणाची?

इंग्रजीतील ‘ऑस्टेरिटी’ या शब्दाचे मूळ ग्रीक असून, जिभेला कोरड पाडणाऱ्या तुरट, उग्र चवीचा अर्थ त्या मुळाशी आहे. तेथून तो कठोर, व्रतस्थ आचरणाचा वाचक झाला, आणि गेल्या शतकात अर्थखात्याच्या दप्तरात शिरून तेथेच स्थायिक झाला. २०१० साली मेरियम-वेब्स्टर या अमेरिकी कोशाने त्याची वर्षाचा शब्द म्हणून निवड केली, कारण युरोपातील कर्जसंकटाच्या बातम्या वाचताना असंख्य वाचकांनी त्याचा अर्थ कोशात धुंडाळला होता. आमच्या मराठी वृत्तपत्रांनी ती तसदी फारशी घेतलेली दिसत नाही. ‘काटकसर’ हा घरचा शब्द हाताशी होता, तो त्यांनी त्या जागी बसवून दिला. या बसवणुकीला माझी हरकत आहे.

एके काळी तो शब्द तेथे शोभला असता, हे प्रथम कबूल केले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाने ब्रिटनचा खजिना रिता होऊ लागला, तेव्हा ही ‘ऑस्टेरिटी’ सरकारी हुकमांतून थेट शिंप्याच्या कात्रीपर्यंत पोहोचली. १९४२ साली व्यापारखात्याचे मंत्री ह्यू डाल्टन यांच्या अमदानीत पुरुषांच्या सुटाला खिसे व गुंड्या किती असाव्यात हे सरकारने ठरवून दिले, इतकेच नव्हे, तर विजारीच्या तळाशी जी कापडाची घडी बाहेरून वर दुमडलेली असते, तिलाही कापड वाया जाते म्हणून मनाई झाली. यावर कित्येक इंग्रज गृहस्थांनी शोधलेली तोड अशी की, विजार मुद्दाम लांब विकत घ्यावयाची आणि घरी आणून दुमडावयाची. कायद्याला बगल देण्याचा मक्ता आपल्याकडेच आहे असा ज्यांचा समज असेल, त्यांनी तो सोडून द्यावा.

युद्ध संपले, तरी ओढगस्त संपली नाही. ऐन युद्धकाळात जो पाव मुक्तपणे मिळत होता, तोच १९४६च्या जुलैपासून दोन वर्षे मोजून मिळू लागला. १९४० साली सुरू झालेले अन्नाचे शिधावाटप पुरते संपावयास १९५४चा जुलै उजाडला. रांगांना लोक विटले, काळा बाजारही माजला. परंतु शिधापत्रिका सर्वांनाच होती. १९४७च्या नोव्हेंबरात राजकन्या एलिझाबेथ यांचा विवाह झाला, तेव्हा वधूवेषाच्या कापडासाठी त्यांनाही कुपने मोजावी लागली. त्यांना काही वाढीव कुपने मंजूर झाली हे खरे, पण देशभरातील स्त्रियांनी प्रेमाने पाठवलेली कुपने मात्र, एकाच्या नावावरची दुसऱ्याने वापरणे बेकायदा म्हणून, साभार परत करावी लागली. त्याच महिन्यात अर्थमंत्रिपदावर आलेले स्टॅफर्ड क्रिप्स आपणांस १९४२च्या फसलेल्या शिष्टाईमुळे ठाऊक आहेत. मायदेशी या शाकाहारी, साध्या राहणीच्या गृहस्थाचे नाव या शब्दाशी कायमचे जोडले गेले, आणि त्यांच्या तोंडी संयमाचा उपदेश निदान विसंगत तरी वाटत नसे. शिवाय ज्या जुलैत पावावरील नियंत्रण उठले, त्याच जुलैच्या ५ तारखेला, १९४८ साली, त्या कफल्लक सरकारने राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू करून दवाखान्याचे दार सर्वांना विनामूल्य उघडले.

२००९ साली ब्रिटनचे तत्कालीन विरोधी पक्षनेते डेव्हिड कॅमेरून यांनी हाच शब्द पुन्हा बाहेर काढला, आणि पुढल्या वर्षी सत्ता हाती येताच अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी, या संकटात आपण सारे एकत्र आहोत अशी ग्वाही देत, त्याची अंमलबजावणी आरंभली. ती कशी झाली हे पाहावयास एकच महिना पुरे. २०१३च्या एप्रिलात, सरकारी मदतीवर स्वस्त भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाकडे एक खोली जादा आढळली तर भाड्यासाठी मिळणारे साहाय्य १४ टक्क्यांनी, आणि दोन आढळल्या तर २५ टक्क्यांनी कापले जाऊ लागले. आणि त्याच एप्रिलात वर्षाला दीड लाख पौंडांहून अधिक मिळवणाऱ्यांच्या वरच्या उत्पन्नावरील प्राप्तिकर ५० टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर आला. वाढीव दरामुळे बडे लोक उत्पन्न लपवतात व वसुली होत नाही, असे त्याचे समर्थन झाले. असेलही. परंतु या दोन्ही हुकमांना मिळून काटकसर म्हणावयाचे, तर शब्दांना अर्थ असतो कशासाठी?

घरातली बाई महिनाअखेरीस साखर बेताने वापरू लागते, तेव्हा पहिला चमचा तिच्या स्वतःच्या चहातला कमी होतो. सासऱ्यांच्या कपाला ती शेवटी हात लावते. काटकसर हा शब्द मराठीत या आचरणातून रुळला आहे, आणि म्हणूनच त्याला एक प्रतिष्ठा आहे. आपल्याकडे २००९च्या सप्टेंबरात अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी मंत्र्यांना विमानाच्या स्वस्त वर्गातून प्रवास करण्यास सांगितले, पंचतारांकित हॉटेलांत मुक्काम ठोकलेल्या दोघा मंत्र्यांना तेथून बाडबिस्तरा हलवावा लागला. त्यातून तिजोरीत काय पडले हा भाग अलाहिदा, पण चिमटा हुकूम काढणाऱ्यांच्याच पोटाला बसला, त्यामुळे त्याला काटकसर म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

कर्जबाजारी सरकारने खर्च आवरू नये, असे माझे मुळीच म्हणणे नाही. तो आवरण्याचे प्रसंग येतात आणि त्यांना सामोरे जावेच लागते. वृत्तपत्रांच्या संपादकांना विनंती इतकीच की, सरकार दुसऱ्याच्या वाट्याचे कमी करीत असेल, तेव्हा मथळ्यात ‘खर्चकपात’ लिहावे आणि कपात कोणाच्या वाट्यातून झाली तेही त्याच ओळीत छापावे.